बीटवर कोण आहे?

आपल्या एरियातल्या बीट पोलिसाचं नाव सांगा बरं. नाही ना आलं? टपरीवाल्याचं मात्र पाठ!

१९८४च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. हिंदू-मुस्लिम शेजारी आणि बीटचा साधा पोलीस नेमाने एकत्र बसू लागले. दंगल नसतानाही, हे महत्त्वाचं. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईनेही हा फंडा उचलला.

आता आमची सोसायटी. परवा मीटिंगला पोलीस स्टेशनमधून साहेब आले. अजेंडा काय, तर सीसीटीव्ही, वॉचमन आणि ‘भाड्याने राहणारी बॅचलर मुलं’. म्हणजे आम्हीच, बॉस! भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यायला माझी ना नाही. पण तिसऱ्या मजल्यावरची नर्स नाइट ड्युटी करून ज्या गल्लीतून येते, तिथे महिनाभर दिवा नाही. ते अजेंड्यावर नव्हतंच. तिनेच हात वर केला. साहेबांनी मागे उभ्या हवालदाराला पुढे बोलावलं. त्याने तिची येण्याची वेळ विचारली आणि स्वतःचा नंबर सगळ्यांना दिला.

सेक्रेटरी काकांनी तो वहीत लिहून घेतला. आम्हा बॅचलरांच्या यादीखाली.