प्राणवायूलाही मोजमाप हवे

गर्भाच्या मेंदूत आरंभी रक्तवाहिन्या नसतात. त्या बाहेरून आत शिरतात. वाढत्या पेशींना प्राणवायू अपुरा पडू लागला की त्या 'व्हीईजीएफ' हा वृद्धिघटक स्रवतात आणि त्याच्या रोखाने वाहिन्या पुढे सरकतात. या व्यवहारात प्रमाणाला किती महत्त्व आहे, हे १९९६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. या घटकाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी निकामी केली तरी गर्भ दगावतो.

डोळ्यातील दृष्टिपटल हा मेंदूचाच विस्तार असल्याने तेथेही हाच नियम चालतो. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाला बेताल प्राणवायू दिला की हा घटक घटतो आणि वाहिन्यांची वाढ खुंटते. पुढे काही आठवड्यांनी उपाशी दृष्टिपटल तोच घटक बेसुमार सोडते. वेड्यावाकड्या वाहिन्या माजतात, पटल ओढून सुटे करतात आणि मूल कायमचे अंध होते. अशा एखाद्या घटकाची कल्पना मायकेलसन यांनी १९४८ मध्येच मांडली होती. पुढे प्राणवायूच्या अतिरेकाचा दोष सिद्ध झाल्यावर तो सरसकट तोडण्यात आला. तेव्हा दृष्टी वाचली, पण काही अर्भकांचे प्राण गेले. दोष प्राणवायूचा नव्हता, मोजमापाच्या अभावाचा होता.

आज अज्ञानाची सबब उरलेली नाही. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या अर्भकाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासावेत, हा भारतातील दंडक आहे. वेळेवर निदान झाले तर लेसरने वा व्हीईजीएफला रोखणाऱ्या इंजेक्शनने दृष्टी वाचविता येते. मात्र हे औषध रक्तातही उतरते आणि वाढत्या मेंदूला तोच घटक हवा असतो. म्हणून त्याचा वापरही जपूनच व्हावा लागतो. मुळात रोग टाळणे हेच श्रेयस्कर.

अशी तपासणी न झाल्याने अंध झालेल्या एका मुलीला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई देवविली. परंतु भरपाईने दृष्टी परत येत नाही. अर्भकांचे प्राण वाचविणारे कक्ष उभारणाऱ्या सरकारने तेथे प्राणवायू हवेत मिसळून मोजून देणारे यंत्र, ते जाणतेपणाने हाताळणारी परिचारिका आणि ठरलेल्या दिवशी येणारा नेत्रतज्ज्ञ यांचीही तरतूद केली पाहिजे. घरी जाणाऱ्या मातेच्या हाती तपासणीची तारीख लिहिलेला कागद देण्यास तर फारसा खर्चही येत नाही. वाचविलेले मूल अंधारात ढकलणे याला आरोग्यसेवा म्हणता येणार नाही.