मोडलेला खांदा आणि बुडालेली मजुरी

हाड मोडणे ही वैद्यकाची बाब खरी. परंतु ते भरून येईपर्यंत जखमीच्या घरची चूल कशी पेटते, ही अर्थकारणाची बाब आहे. खानदेशात या दोहोंची गाठ रस्त्यावर पडते. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून किमान पंधरा मजूर ठार झाले. जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यातील पळासनेरला मालवाहू कंटेनर उपाहारगृहात घुसून किमान दहा बळी गेले. मृतांची संख्या वृत्तपत्रांत छापली जाते. वाचलेल्यांचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी विचारीत नाही.

अशा आघातात क्वचित खांद्याच्या मागील फऱ्याचे हाड मोडते. स्नायूंच्या जाड आवरणाखालील हे हाड सहजी मोडत नाही. एकूण अस्थिभंगांत त्याचा वाटा जेमतेम एक टक्का. म्हणूनच ते मोडलेले दिसले की आधी छाती तपासली पाहिजे. पुष्कळदा बरगड्या तुटलेल्या असतात, फुप्फुसाला मुका मार बसलेला असतो, छातीच्या पोकळीत हवा वा रक्त साठत असते. बरगड्यांमधून नळी घालून ते वेळीच काढले नाही, तर रुग्ण दगावू शकतो. खांद्याचा विचार त्यानंतरचा. बहुतेक फरे हात झोळीत ठेवून भरून येतात. सांध्याची खोबण फार सरकली असेल तर मात्र शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी बसवावी लागते.

धुळ्यात व २०१८ पासून जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण सातपुड्याच्या पायथ्यापासून तेथवर पोहोचेतो श्वास टिकला पाहिजे. छातीत घालावयाची नळी महाग नाही. ती मध्यरात्री घालू शकणारा प्रशिक्षित हात ग्रामीण रुग्णालयात हवा. ही चैन नव्हे, किमान गरज आहे.

केंद्राच्या २०२५ च्या योजनेने अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार देऊ केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु हाड जुळायला सुमारे सहा आठवडे लागतात आणि केळीचा घड पुन्हा खांद्यावर घ्यायला कित्येक महिने. संघटित कारखान्यातील विमाधारक कामगाराला आजारपणातही वेतनाचा काही भाग मिळतो. शेतमजुराला राज्य विमा योजनेचे ते छत्र नाही. ज्याचे भांडवलच खांदा, त्याची बुडालेली मजुरी हाही उपचाराचाच खर्च मानला पाहिजे. कार्यकर्त्यांनी ही मागणी तालुक्या-तालुक्यांतून लावून धरावी.