कल्हई, मुलामा आणि गॅल्व्हनाइझ

रहाटणी, काळेवाडी, थेरगाव या भागातल्या कितीतरी घरांतून कोणी ना कोणी भोसरी, चिंचवड किंवा चाकणच्या कारखान्यात कामाला जातो. त्यामुळे ‘झिंक’, ‘प्लेटिंग’, ‘जीआय’ हे शब्द आपल्या घरातही रुळले आहेत. “पार्ट प्लेटिंगला गेलाय,” असे नातू सांगतो आणि दादी विचारतात, “म्हणजे कल्हईला ना रे?” सगळे हसतात. पण दादींचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. या महिन्यात आपण हेच शब्द पाहू.

एका धातूवर दुसऱ्या धातूचा थर देण्यासाठी मराठीत दोन जुने शब्दप्रयोग आहेत, कल्हई करणे आणि मुलामा देणे. दोन्हींचे मूळ अरबी आहे. ‘कलई’ म्हणजे कथील. म्हणून कल्हई फक्त कथलाची असते. भांडे तापवायचे, नवसागर टाकून आतून स्वच्छ करायचे आणि वितळलेले कथील कापसाने सगळीकडे फिरवायचे. मग तांब्या-पितळेच्या भांड्यात आमटी, ताक कळकत नाही. हे काम करणाऱ्यांचे ‘कलईगार’ हे आडनाव आपल्या समाजात आजही आढळते.

‘मुलम्मा’ म्हणजे चकाकी दिलेले. सोन्याचांदीचे पाणी चढवतात तो मुलामा. तो शोभेसाठी असतो, म्हणून ‘गोड बोलण्याचा मुलामा’ असे आपण म्हणतो. उर्दूत मात्र ढोंग उघडे पडले की ‘कलई खुल गई’ म्हणतात. राखण करणाऱ्या बिचाऱ्या कल्हईवर हा आळ उगाच आला आहे!

तिसरा शब्द कारखान्यातला, गॅल्व्हनाइझ करणे. इटलीतल्या बोलोन्या शहरातले डॉक्टर लुईजी गॅल्व्हानी यांनी अठराव्या शतकात मेलेल्या बेडकाच्या पायाला धातूचा स्पर्श करून तो आखडताना पाहिला. त्यांच्या नावावरून हा शब्द आला. इंग्रजीत त्याचा ‘खडबडून जागे करणे’ असाही अर्थ होतो. लोखंडाच्या बाबतीत त्याचा अर्थ एकच, जस्ताचा थर देणे. फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ साली या पद्धतीचे पेटंट घेतले. स्वच्छ केलेले लोखंड सुमारे ४५० अंश सेल्सिअसला वितळलेल्या जस्तात बुडवतात. ‘जीआय’ पाइप आणि पत्रा तो हाच. थराला ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड बराच काळ वाचते.

विजेच्या साहाय्याने जस्ताचा पातळ थर देतात त्याला कारखान्यात झिंक प्लेटिंग म्हणतात. नट-बोल्टांना ते पुरते, पण पावसात उभ्या राहणाऱ्या खांबाला किंवा जिन्याला बुडवून दिलेला जाड थरच हवा. छताचा पत्रा घेताना नुसते ‘जीआय आहे ना?’ विचारून भागत नाही. १२०, २७५ असे आकडे असतात. दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला तितके ग्रॅम जस्त, असा त्यांचा अर्थ. आकडा जितका मोठा, तितका पत्रा जास्त टिकतो.

आता दादींच्या प्रश्नाकडे येऊ. कल्हई आणि गॅल्व्हनाइझ दोन्ही दिसायला रुपेरी. पण कथील अन्नाला चालते आणि जस्त आंबटाला चालत नाही. लिंबू, चिंच, दही, टोमॅटो यांत जस्त विरघळते. असे अन्न पोटात गेले की थोड्याच वेळात मळमळ, उलट्या, पोटात कळा सुरू होतात. रमजानमध्ये मोठ्या इफ्तारीसाठी लिंबाचे शरबत करायला घाईत जीआयची बादली किंवा पिंप घेतले जाते. दावतीत रायतेही त्यात कालवले जाते. ते टाळावे. नव्या जीआय भांड्यावर पुष्कळदा पानाफुलांसारखी चमकदार नक्षी दिसते, ती ओळखीची खूण. कोरडे धान्य ठेवायला जीआयची कोठी चांगली. शरबताला स्टील घ्यावे.

बिर्याणीच्या तांब्याच्या देगेला कल्हईच हवी, तीही निव्वळ कथलाची. स्वस्त पडावे म्हणून त्यात शिसे मिसळले तर ते विष अन्नात उतरते आणि लहान मुलांना त्याचा सर्वांत जास्त त्रास होतो. कल्हईवाल्याला हे आधीच स्पष्ट विचारावे. कथील २३२ अंशांनाच वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये. आतून तांबे दिसू लागले की देग पुन्हा कल्हईला द्यावी. हे काम शाबानमध्येच उरकावे, म्हणजे ऐन रमजानात धावपळ होत नाही.