कलेच्या तासाला हळद आणि रद्दी

माध्यमिक शाळेत पोस्टर कलर आणि ड्रॉइंग पेपर यांपलीकडचे साहित्य येते ते बहुधा ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाने. पिस्त्याच्या टरफलांचे फूल, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, लोकर गुंडाळलेली बाटली. हात गुंततात, पण साहित्याचा स्वभाव कामात उतरत नाही. आणि प्रदर्शन आटोपले की ‘टिकाऊ’ वस्तू कचऱ्यात जाते.

हळदीचे तसे नाही. कागदावर हळदीचा दाट लेप देऊन वाळवला आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने रेघ ओढली, तर ती तांबडी उमटते. तीवर लिंबू फिरवले की पुन्हा पिवळी. हळदीत चुना मिसळल्यावर ती लाल होते, त्यातलाच हा प्रकार. चित्र उन्हात ठेवले की रंग उडू लागतो, आणि पक्का रंग, कच्चा रंग म्हणजे काय ते आठवीच्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. रद्दीचा लगदाही असाच शिकवतो. पूर्वी घरोघरी त्यात मेथ्या वाटून घालत आणि टोपल्या करत. लगदा वाळताना आकसतो. थर जाड दिला तर आत ओल राहून बुरशी धरते.

घानात जन्मलेले आणि नायजेरियात काम केलेले शिल्पकार एल अनात्सुई मद्याच्या बाटल्यांची झाकणे चेपून तांब्याच्या तारेने जोडतात. पत्रा असूनही ते काम कापडासारखे चुण्या घेते. झाकणे नुसती पुठ्ठ्यावर चिकटवून हे साधले नसते.

गंमत अशी की, शाळेत वारली चित्र काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या पोस्टर कलरने काढले जाते. मुळात ते गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, टोक चेचलेल्या बांबूच्या काडीने काढत. काडीची रेघ ब्रशइतकी गुळगुळीत येत नाही, आणि त्या रेघेचा जिवंतपणा तिथेच आहे. तेव्हा अपारंपरिक साहित्य म्हणायचे कशाला, हाही प्रश्नच.

अडचण वेळेची आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा कागदावरच्या चित्रांच्या, त्यातून दहावीच्या वाढीव गुणांची ओढ. तास तिकडेच जातात. शिवाय मिळेल ती वस्तू वर्गात आणणेही बरे नव्हे. थर्माकोल तापलेल्या तारेने कापताना निघणारा धूर बंद खोलीत घातक असतो. सजावटीच्या थर्माकोलवर तर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तरी प्रकल्पांच्या यादीतून तो पुरता गेलेला नाही.