शेजारी विरजण मागितलं तेव्हा



आमच्या मंडळीत उपासनेच्या वेळी उपकारस्तुतीसाठी उभं राहून चार शब्द बोलायची पद्धत आहे. कुणी नातवाला नोकरी लागली म्हणून देवाचे आभार मानतं, कुणी ऑपरेशन नीट झालं म्हणून, कुणी मुलाचा व्हिसा आला म्हणून. मीही अनेक वर्षं असाच बोलत आलो. पण आता सत्तरी ओलांडल्यावर वाटतं, की या आभारांत एक नोंद नेहमी राहून जाते. आपण देवाचं नाव घेतो, पण ज्या माणसाच्या हातून देवाने ते आपल्याकडं पोचवलं त्याचं नाव घेत नाही. तो आपल्या मंडळीतला नसेल, आपल्या भाषेचा नसेल, तर मुळीच नाही. माझं स्पष्ट मत आहे की असे आभार अर्धेच असतात. आणि हे मला कुठल्या प्रवचनातून नाही, विरजणावरून कळलं.

आम्ही बेळगावचे मराठी ख्रिस्ती. आमच्यासारखी घरं इथं आजची नाहीत. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी 1831 साली याच बेळगावात जन्मले. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा मी अगदी लहान होतो, पण घरातल्या मोठ्यांचे चेहरे आठवतात. पुढं कळता झाल्यावर काळ्या दिवसाच्या फेरीत मीही चाललो. शेजारच्या घरात कन्नड बोलणारं लिंगायत कुटुंब. मास्तर निवृत्त शिक्षक. त्याच 1 नोव्हेंबरला त्यांच्या दारावर लाल-पिवळा झेंडा लागायचा. मधे कंपाउंडची भिंत. वीस वर्षं आमचा व्यवहार नमस्कारापुरता. भांडण कधीच नाही, पण जाणं-येणंही नाही.

मार्च 2020 मध्ये आमची मंडळी मोरीत घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून घरी आणलं आणि चारच दिवसांत लॉकडाऊन लागला. मुलगा पुण्यात, मुलगी मस्कतला. स्वयंपाकाच्या बाईंना येणं बंद. मला चहा आणि भात एवढंच जमायचं. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून मास्तरांच्या मिसेस, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, त्यांनी हाक मारली, "ऊटा आतेन्री, काका?" जेवण झालं का, एवढंच. मी "हो हो" म्हटलं. त्यांना कुकरच्या शिट्टीवरून कळत असावं. अर्ध्या तासात भिंतीवर डबा. जोंधळ्याच्या भाकऱ्या, भरली वांगी, शेंगाचटणी. मग रोजच यायला लागला.

आता माझी चूक सांगतो. सगळी नोकरी जमा आणि नावे यांत गेलेली. कुणाचा एक रुपया अंगावर ठेवायची सवय नाही. भांडं रिकामं परत करू नये हे आईनं शिकवलेलं. आठ-नऊ दिवस झाल्यावर मी धुतलेल्या डब्यात एक पाकीट घातलं. आत हजार रुपये. मला वाटलं, किती सभ्यपणे केलं!

संध्याकाळी पाकीट न उघडताच भिंतीवर परत आलं. वर वाऱ्यानं उडू नये म्हणून एक खडा ठेवलेला. दुसऱ्या दिवशी डबा नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अंगणात मास्तर दिसले, तर मान वळवून आत गेले.

ही पलंगावरून म्हणाली, "त्यांना काय खानावळवाले समजलात होय?"

मी म्हटलं, "मग काय, फुकट खायचं?"

ती म्हणाली, "आपण नाताळला गल्लीभर करंज्या वाटतो, तेव्हा ते काय पैसे पाठवतात?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हा ख्रिस्ती लोकांना द्यायची फार सवय. दवाखाने, शाळा, सेवा यांचा आम्हाला अभिमान, आणि तो असावाही. पण देणारा नेहमी एक पायरी वर उभा असतो. घेताना ती पायरी उतरावी लागते, आणि तिथंच आमची मान ताठ होते. माझी तर फारच.

10 एप्रिलला गुड फ्रायडे होता. चर्च बंद. घरीच दोघांनी शास्त्र वाचलं, प्रार्थना केली. नंतर ही म्हणाली, "दूध उरलंय. अक्कांकडून विरजण मागून आणा."

मी म्हटलं, "आज?"

"आजच जा."

वाटी घेऊन भिंतीपाशी गेलो. बँकेत कितीतरी मोठ्या पार्ट्यांना तोंडावर नाही म्हटलेला माणूस मी, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना. शेवटी म्हटलं, "अक्का, थोडं विरजण मिळंल का? आणि त्या पाकिटाचं चुकलं माझं." त्यांनी वाटी घेतली. विरजण आणून दिलं आणि म्हणाल्या, "विरजणाचे पैसे किती देणार काका?" आणि हसल्या. रविवारी, ईस्टरला, डबा पुन्हा भिंतीवर होता. त्या दिवशी मी तो साखर घालून परत केला.

त्यानंतर मी शुभवर्तमानातले शोमरोनी पुन्हा वाचले. लूकच्या दहाव्या अध्यायातला दाखला आपल्याला पाठ असतो. तो ऐकताना आपण नेहमी स्वतःला मदत करणाऱ्या शोमरोन्याच्या जागी बसवतो. पण शास्त्र्यानं विचारलं होतं, माझा शेजारी कोण? आणि प्रभूच्या उत्तरात शेजारी ठरतो तो मदत करणारा. म्हणजे विचारणाऱ्याची जागा रस्त्यात पडलेल्या माणसाची! हा शोमरोनी काही लांबचा परका नव्हता. मोशेचं शास्त्र दोघांचंही. पण यहुद्यांचं मंदिर यरुशलेमात, शोमरोन्यांचा डोंगर गरिज्जीम. शेजाऱ्याशेजाऱ्यांचंच पिढीजात भांडण. बेळगावच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

लूकच्याच सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात. आभार मानायला परत येतो तो एकच, आणि तोही शोमरोनीच. आणि योहानाच्या चौथ्या अध्यायात तर प्रभू स्वतः विहिरीवर बसून शोमरोनी बाईकडं पाणी मागतो. यहुदी शोमरोन्यांशी भांड्याचाही संबंध ठेवत नसत, तिथं त्यानं मागितलं. आधी दिलं नाही, आधी मागितलं. वाटी घेऊन भिंतीपाशी उभा राहिल्यावर मला हा अध्याय पहिल्यांदा कळला असं वाटतं.

कुणी म्हणेल, साध्या डब्याचं एवढं काय? सगळीकडंच शेजारी डबे देतात. देतात ना! म्हणूनच सांगतोय. मोठा चमत्कार झाला तर साक्ष द्यायला आपण उभे राहतो. रोज भिंतीवरून आलेल्या भाकरीची साक्ष कोण देणार? रोजची भाकर दे असं आपण प्रार्थनेत मागतो, आणि ती येते तेव्हा आणणाऱ्याकडं बघतही नाही.

म्हणून माझा त्या आभारांत कुणी शेजाऱ्याचं नाव घालावं असा आग्रह असतो. त्यानं देवाचा मान कमी होत नाही.

आणि गैरसमज नको. माझी मराठीची मतं होती तीच आहेत. 2004 पासून सीमेचा खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याच्या तारखेकडं मी आजही डोळे लावून असतो. मास्तरांच्या दारावर आजही झेंडा लागतो. त्यावरून आमचा वादही होतो, पण आता चहा घेत होतो. हक्क मागणं आणि विरजण मागणं एकाच तोंडानं जमतं.

2022 च्या पावसाळ्यात ही प्रभूकडं गेली. दफनाला मास्तर आले होते. पाळकसाहेबांची प्रार्थना झाल्यावर आमच्यातलेच काही जण घुटमळत होते. मास्तर पुढं झाले आणि मूठभर माती घातली. लिंगायतांतही दफनच असतं, त्यांना काही सांगावं लागलं नाही. रात्री भिंतीवर डबा होता, एका माणसाचा.

त्या महिन्यातल्या उपकारस्तुतीला मी उभा राहिलो आणि आधी त्या दोघांची नावं घेतली.