जनपदाचे पाणी आणि नगरांच्या हद्दी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची, भिन्न आहाराची व भिन्न वयाची माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रासली जातात, हा जनपदोद्ध्वंसाचा सिद्धान्त परीक्षेत हमखास विचारला जातो आणि परीक्षेनंतर बहुधा विसरला जातो. दूषित उदकाची लक्षणे तेथे स्पष्ट सांगितली आहेत: गंध, वर्ण, रस व स्पर्श यांची विकृती, क्लेदाचे आधिक्य, जलचर पक्ष्यांनी केलेला त्याग, क्षीण होत चाललेला जलाशय. हा पाठ मनात ठेवून आरे वसाहतीलगतच्या पवई तलावाच्या काठी उभे राहिले, तर निदानास फार वेळ लागू नये. पक्षी अद्याप पूर्णपणे गेलेले नाहीत आणि मगरीही तग धरून आहेत, एवढेच समाधान.

वस्तुतः आरेच्या परिसरात निसर्गाने आणि इतिहासाने मिळून एक प्रयोगच मांडून ठेवला आहे. विहार तलाव १८६० साली पूर्ण झाला, पवईचा बंधारा १८९० च्या सुमारास बांधला गेला. दोन्हींवर पडणारा पाऊस एकच. विहारचे पाणी मुंबई आजही पिते. पवईचे पाणी बांधकामानंतर थोड्याच काळात पिण्यास अयोग्य ठरले आणि पुढे ते कारखान्यांसाठी व आरेच्या दुग्धवसाहतीसाठी वापरले जाऊ लागले. पवईचा दोष अशा रीतीने जुनाच आहे. परंतु गेल्या काही दशकांत त्या दोषाचे रूपांतर असाध्य व्याधीत होऊ पाहत आहे. विहारच्या पाणलोटाभोवती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे संरक्षण आहे. पवईच्या काठावर इमारती, वस्त्या आणि नाले आले. या तलावात रोज सुमारे १ कोटी ८० लक्ष लिटर सांडपाणी मिसळते, असा आकडा अलीकडच्या वर्षांत वारंवार प्रसिद्ध झाला आहे. जलपर्णी काढावी आणि ती पुन्हा पसरावी, हा क्रम तेव्हापर्यंत चालणारच. हेतू कायम ठेवून केलेली लक्षणचिकित्सा, दुसरे काय? मध्यंतरी तलावाकाठी सायकलमार्ग बांधण्याचा घाट घातला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते काम बेकायदा ठरवले. रुग्णाला अतिसार झालेला असता त्याच्या अंगरख्याची शिवण सुधारण्यासारखाच तो प्रकार होता.

या व्याधीची खरी अडचण हद्दींची आहे. तलाव महानगरपालिकेचा, १९४९ साली स्थापन झालेली आरे वसाहत दुग्धविकास विभागाची, जंगल वनविभागाचे. पवई व विहारचे ओसंडणारे पाणी मिठी नदीला मिळते, आरेच्या टेकड्यांचे पश्चिमेकडील पाणी ओशिवरा नदीला. गोठ्यांचे शेण-मूत्र पावसात वाहून जाते, ते कोणत्या खात्याच्या नकाशावरून चालले आहे याची वास्तपुस्त करीत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. तरीही १७.८४ किलोमीटरच्या त्या नदीचे काम पुन्हा दोन यंत्रणांत वाटले गेलेच.

राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला तर मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदर अशा तीन नगरांच्या सीमा भिडतात. ही नगरे एकत्र येऊ शकत नाहीत, असे कोणी म्हणू नये. ठाणे, भिवंडी-निजामपूर व मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांनी उल्हास नदीचे पाणी घेण्यासाठी 'स्टेम' ही संयुक्त यंत्रणा उभी केलेली आहे. पाणी उचलताना हद्दी आड आल्या नाहीत. त्याच उल्हास नदीच्या व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल मात्र २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास महापालिकांना व सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना दंड करावा लागला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

युरोपातील कॉन्स्टन्स सरोवराभोवती जर्मनी, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया हे तीन देश आहेत. त्यांनी १९५९ साली संयुक्त आयोग नेमला. १९८० च्या सुमारास त्या पाण्यातील फॉस्फरसचे प्रमाण दर घनमीटरला ८० मिलिग्रॅमच्या वर गेले होते. काठावरील गावांनी सांडपाण्याची केंद्रे बांधली, धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटवर नियंत्रण आले आणि ते प्रमाण १० च्या खाली उतरले. दूरच्या स्टुटगार्ट शहरालाही हे पाणी जाते. तीन देशांना जे जमले ते एका जिल्ह्याच्या अंतरावरील तीन महापालिकांना अशक्य का वाटावे?

हा प्रश्न वैद्यांचा नव्हे, अभियंत्यांचा आहे, असे मत आमच्या काही सहकाऱ्यांकडून ऐकू येते. ते आम्हांस मान्य नाही. जनपदोद्ध्वंसाचे मूळ सांगताना आचार्यांनी देश, नगर, निगम व जनपद यांच्या प्रमुखांना एकाच ओळीत उभे केले आहे, आणि त्याच अध्यायात भूमी विरस होण्यापूर्वी औषधी गोळा करून ठेवण्याचा आदेश दिला आहे. पाणी बिघडले की औषधीचे वीर्यही जाते, हे त्यांनी गृहीतच धरले होते. आपल्या बाजारात ब्राह्मी म्हणून येणारी मंडूकपर्णी असो, जलब्राह्मी असो, या वनस्पती पाण्यातील व चिखलातील जड धातू शोषून घेतात, हे प्रयोगशाळांनी दाखवले आहे. तेलासाठी घेतलेली ओली ब्राह्मी आणि ओला माका कोणत्या पाणथळीतून आला, हे आपल्यापैकी किती औषधनिर्माते पुरवठादाराला विचारतात? वनौषधींच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी २००६ पासून सक्तीची झाली, शिसे दर दशलक्ष भागांत १० आणि कॅडमियम ०.३ ही मर्यादा ठरली. परदेशी रुग्णाला हे संरक्षण मिळाले. आपल्या दारातील रुग्णाला त्याहून कमी चालते काय? अनुसूची 'टी' औषधनिर्मितीसाठी पिण्यायोग्य शुद्ध पाणी मागते, ते आपण विकत घेऊन वापरतो. पण शोधन-मारणातील धुण्याचे पाणी शेवटी कोणत्या नाल्यात जाते, हेही एकदा उतरून पाहावे.

आमची सूचना मर्यादित आहे. मुंबई, ठाणे व मीरा-भाईंदर या तिन्ही महापालिकांनी आपापल्या तलावांचे व त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांचे नमुने दरमहा एकाच दिवशी, एकाच पद्धतीने तपासावेत आणि विरघळलेला प्राणवायू, कोलिफॉर्म, शिसे व कॅडमियम यांचे आकडे एकाच तक्त्यात, मराठीतून, नागरिकांपुढे ठेवावेत. आरेतील ओढ्यांचे नमुने दुग्धविकास विभागाने त्यातच जोडावेत. उपनगरे, ठाणे आणि मीरा-भाईंदर येथील आपल्या सभासदांनी येत्या पावसाळ्यापूर्वी या मागणीचे संयुक्त निवेदन तिन्ही आयुक्तांना द्यावे. त्यासोबत प्रत्येक औषधशाळेने आपल्या कच्च्या मालाच्या नोंदवहीतून ओल्या वनस्पतींच्या उगमस्थानांची यादी जोडावी. ज्या नोंदीपुढील जागा रिकामी आढळेल, ती रिकामीच राहू द्यावी.