पिवळ्या मुळ्याची चौकशी

गेल्या हिवाळ्यात माझी भाची मुंबईहून मालवणला आली, तेव्हा तिच्या पिशवीत पिवळ्याधमक मुळ्याचं एक पाकीट होतं. जपानी लोणचं, नाव ताकुआन. अम्मीने चष्मा लावला, पाकीट उलटंपालटं केलं आणि विचारलं, "यात शराब तर नाही ना गं?"

"नानी, मुळा आहे तो!" भाची हसली. पण पाकिटावरची अक्षरं जपानी. खात्री कुणालाच देता येईना. पाकीट तसंच पडून राहिलं.

अम्मीचा प्रश्न मला चुकीचा वाटला नाही. जपानी स्वयंपाकात साके आणि मिरिन ही तांदळाची मद्यं सर्रास वापरतात. सिरक्याचंही तसंच. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सिरक्याची तोंडीलावणं म्हणून तारीफ केल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मद्य आपोआप आंबून सिरका झाला तर तो हलाल. मात्र मद्यात मुद्दाम काही मिसळून तो केला, तर हनफी फिक्ह तो मान्य करते, शाफई करत नाही. आणि आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. तेव्हा विचारायलाच हवं.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण प्रश्न विचारतो आणि तिथेच थांबतो. संशयास्पद गोष्ट सोडावी, हे खरंच. पण संशय दूर करता येत असेल, तर तेवढी मेहनत नको का करायला?

मी केली. कळलं ते असं की जुन्या पद्धतीच्या ताकुआनला सिरकाही लागत नाही आणि मद्यही. सतराव्या शतकातल्या ताकुआन सोहो या झेन भिक्षूच्या नावावरून त्याचं नाव पडलं असं मानतात. मुळे लवेपर्यंत वाळवायचे, मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात थरावर थर रचायचे आणि वर दगड ठेवायचा. मीठ मुळ्यातलं पाणी ओढून घेतं, आंबटपणा आपोआप येतो.

यातलं आपल्याकडे काय नाही? भात आपला, कोंडा गिरणीत मिळतो. मीठ म्हणाल, तर १९३० साली ज्या मिठासाठी सत्याग्रह झाला ते शिरोडं याच जिल्ह्यात. कैऱ्या आणि फणसाचे गरे मिठात घालून पावसाची बेगमी करणाऱ्या आपल्या आया-आज्यांना हे नव्याने शिकवायला नको.

मी मुळे पाच दिवस उन्हात टांगले, रात्री दव पडतं म्हणून घरात घेतले. वाळलेल्या एक किलो मुळ्याला साठ ग्रॅम मीठ, दोन वाट्या मंद भाजलेला कोंडा, थोडा गूळ, चमचाभर हळद, दोन सुक्या मिरच्या. बरणीत दाबून भरलं, वर धुतलेला वरवंटा. जपानात हे थंडीत महिनोन्‌महिने मुरतं. आपल्या उष्म्यात तसं चालत नाही, म्हणून तीन दिवसांनी बरणी फ्रिजमध्ये गेली आणि तीन आठवड्यांनी उघडली. वास उग्र होता, पण सुकट खाणाऱ्या घराला त्याचं काय!

अम्मीने कोंडा धुऊन पहिली फोड स्वतः कापली. बिस्मिल्लाह म्हणून तोंडात टाकली, कुरकुर चावली. "आपल्या पेजेबरोबर बरा लागेल," म्हणाली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंकडे वाटीभर पाठवलाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. परकं नाव आणि न वाचता येणारी अक्षरं दिसली की माणूस बिचकतो. आपल्या नावांनाही लोक असेच बिचकतात. भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्यावर पलीकडचा आवाज कसा बदलतो, हे मी ऐकलेलं आहे. तेव्हा मनात येतं, आत येऊन बघा तरी, आमच्या चुलीवर काय शिजतं ते विचारा तरी. जी चौकशी आपण स्वतःसाठी मागतो, ती एका मुळ्याला नाकारायची कशी?